घरातलं नाव

किर्गीझ राजधानीतल्या तोक्तोगुल रस्त्यावर एप्रिलचा बारीक पाऊस पडत होता, आणि साम्साच्या, म्हणजे भाजक्या समोशांच्या, टपरीपुढच्या रांगेत दोन लाल छत्र्या होत्या. टपरीवाल्या बाईला मात्र त्यांतली एकच दिसली होती.

"लाल छत्री… दोन साम्से," तंदुरातून काढलेले गरम साम्से कागदी पिशवीत टाकत तिने हाक दिली.

दोन हात एकदम पुढे आले. एक मुलीचा, बोटांना पेनाच्या शाईचे डाग असलेला. दुसरा एका उंच, हाडकुळ्या तरुणाचा, बाही कोपरापर्यंत भिजलेला. बोटांना बोटे लागली. दोघांनीही हात मागे घेतले, मग दोघांनीही एकमेकांना "घ्या, घ्या" केले, आणि मागची रांग खाकरू लागली तेव्हा मुलीने पिशवी उचलली आणि ती धावत सुटली. तिला ऑफिसला उशीर झाला होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचून तिने पहिला घास घेतला. आत भोपळा. तिने तर मांस-कांद्याचे मागितले होते.

अर्धा साम्सा पोटात गेला असेल-नसेल, तोच दार उघडले. ऑफिसचे मालक सुयुनबेक, ज्यांना सगळे आदराने बायके म्हणत, आत आले आणि त्यांच्यामागे… ठिबकणारी लाल छत्री.

"हा एल्दियार. नारिन गावचा," बायके म्हणाले. "सहा आठवडे आपलं ॲप तपासायला आला आहे. आणि ही मीरिम, आपल्या सगळ्या स्क्रीन हीच बनवते. म्हणजे तुझी सगळी भांडणं हिच्याशीच व्हायची."

एल्दियारने हातातली पिशवी अलगद तिच्या टेबलावर ठेवली. "मांस-कांद्याचे," तो हळूच म्हणाला. "एकच उरला आहे. घोटाळा कळेपर्यंत मी एक खाऊन टाकला होता."

"मीही अर्धा खाल्ला तुमचा."

"मग अर्धा माझ्याकडे बाकी राहिला." त्याने छत्री कोपऱ्यात उभी केली. मीरिमची नजर तिच्यावर गेलेली पाहून तो म्हणाला, "आईची आहे. तिला वाटतं, लाल छत्री घेतली की शहरात माणूस हरवत नाही."

मीरिम हसली. आणि मग दिवसभर, काही कारण नसताना, अधूनमधून हसत राहिली.

*

इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर कितीतरी बायका आपल्या घरात पाहुणे उतरवतात. त्यांनी मिळून एक संघ काढला होता, आणि त्या संघासाठी हे पाच माणसांचे ऑफिस ॲप बनवत होते. पाहुण्याने गाव निवडायचे, घर निवडायचे, खोली राखून ठेवायची, बेत फिरला तर रद्द करायची. एवढेच. पण संघाने एक अट घातली होती. वीस मेच्या आत, लागोपाठ तीन सकाळी, सगळी तपासणी एकही चूक न होता पार पडली पाहिजे. नाही तर या हंगामात पुन्हा वह्या आणि फोन, आणि ऑफिसच्या हातचे काम गेले.

ही तपासणी रोज माणसाने करायची म्हटली तर दिवस पुरत नाही. म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहितात. तो रोज सकाळी खोटा पाहुणा बनतो, ॲप उघडतो, बटणे दाबतो, नाव-गाव लिहितो आणि शेवटी खोली खरोखरच मिळाली का ते पाहतो. असे चाळीस प्रवास एल्दियार आपल्या यंत्राला शिकवत होता. ते नीट शिकले, की पुढे कोणालाही हाताने तपासावे लागणार नव्हते. एल्दियारलाही नाही.

त्याची एक सवय मीरिमला पहिल्याच आठवड्यात कळली. तो रोज सकाळी चुकांची यादी पाठवायचा, पण यादीच्या माथ्यावर जे नीट चालले त्याचे आभार लिहायचा. "गाव शोधण्याची जागा आज एकदाही अडली नाही. आभार." मग खाली चुका. तिने कारण विचारले तर म्हणाला, माझी आई लोकरीचे शिर्दाक गालिचे शिवते. दुसरीच्या कामात टाका उसवलेला दाखवण्याआधी ती सगळ्या गालिच्यावरून एकदा हात फिरवते. हात फिरवल्याशिवाय बोट ठेवायचं नाही, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या सोमवारी मीरिमने हिरवे बटण जर्दाळूच्या रंगाचे केले, आणि 'पुढे' लिहिलेले बटण वरून खाली आणले. स्क्रीन कशी खुलून दिसली… तिला स्वतःलाच आवडली. मंगळवारी सकाळी यादी आली. वर लिहिले होते, "रंग सुंदर आहे. आभार." खाली लिहिले होते, चाळीसपैकी एकतीस प्रवास फसले.

मीरिम तडक त्याच्या खिडकीजवळच्या टेबलापाशी गेली.

"माझं एकही बटण मोडलेलं नाही. मी फक्त रंग बदलला."

"मला माहीत आहे. पण यंत्राला मी सांगून ठेवलं होतं, हिरवं बटण दाब. हिरवं सापडेना, बिचारं उभं राहिलं."

"आंधळं आहे तुमचं यंत्र."

"आंधळं नाही हो… साम्सावालीसारखं आहे. तिनं लाल छत्रीला हाक मारली, दोन आल्या. उद्या तुम्ही निळी आणलीत तर एकही येणार नाही. चूक तिची नाही, तुमचीही नाही."

"मग कोणाची?"

"आपण तिला नाव सांगितलं नव्हतं."

त्याचे म्हणणे साधे होते. प्रत्येक बटणाला, प्रत्येक रकान्याला कोडमध्ये एक कायमचे नाव द्यायचे. पाहुण्यांना ते दिसणार नाही, फक्त यंत्राला कळेल. रंग बदला, जागा बदला, अक्षरे रशियन करा की किर्गीझ, नाव तेच राहील.

मीरिमला पटले. तिने त्याच दिवशी कामाला सुरुवात केली, आणि पहिल्या झटक्यात जशी सगळ्यांची होते तशी चूक केली. तिने नावे ठेवली ती अशी: 'जर्दाळू-बटण', 'खालचे-मोठे', 'उजवीकडचे-दुसरे'. आठवड्याने बायकेंना जर्दाळू रंग फिका वाटू लागला. निळा आला, आणि 'जर्दाळू-बटण' निळे झाले. यंत्राला त्याचे काही नव्हते, पण माणसांचा गोंधळ उडाला. 'उजवीकडचे-दुसरे' तर आता डावीकडे पहिले होते. मीरिमने स्वतःच ती नावे बदलून टाकली, आणि पुन्हा एकवीस प्रवास फसले.

"नावं ठेवलीत त्याबद्दल आभार," त्या दिवशीच्या यादीत वर होते. खाली होते, "पण नावंसुद्धा कपडे बदलतात हे माहीत नव्हतं."

तिला राग यायला हवा होता. हसू आले.

*

मीरिम मोठा भाऊ कुबात आणि वहिनी गुल्झिना यांच्याबरोबर राहायची. वहिनीला ती आमच्या रीतीप्रमाणे जेंगे म्हणायची. जेंगे तलासकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने सासरच्या माणसांची नावे घेतली नव्हती. नवी सून घरातल्यांना आपली आपणच नावे देते, तशी तिनेही दिली होती. नवऱ्याच्या पाठच्या भावाला ती 'धाकटा' म्हणायची, मीरिमला 'लाडकी'.

त्या संध्याकाळी धाकटा जेवायला आला. ट्रक चालवून त्याचे खांदे दाराएवढे झाले होते, आत येताना त्याला मान वाकवावी लागली.

"धाकट्या, चहा ओतू का?" जेंगेने विचारले.

मीरिमचा घास हातात राहिला. तिने जेंगेला विचारले की हा एवढा वाढला, तरी अजून धाकटाच कसा?

"मी आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता," चहा ओतता ओतता जेंगे म्हणाली. "दर वर्षी उंची मोजून नवं नाव ठेवत बसू? धाकटा म्हणजे बुटका नव्हे, बाई. ती त्याची घरातली जागा आहे. दाढी वाढव, नाही तर डोकं भादर, मी हाक मारली की तोच येतो. आणि तू भांडून जेवत नाहीस त्या दिवशीही लाडकीच असतेस की नाही?"

मीरिमने उठून जेंगेच्या गालाचा मुका घेतला. जेंगे म्हणाली, हात पिठाचे आहेत, लांब हो.

दुसऱ्या दिवशी मीरिम ऑफिसात आली ती खिडकीपाशीच गेली.

"घरातली नावं ठेवायची," ती एका दमात म्हणाली. "दिसतं कसं त्यावरून नाही, घरात काम काय त्यावरून. 'खोली-राखणे'. 'पाहुण्याचे-नाव'. 'रद्द-करणे'. एका स्क्रीनवर एक नाव एकालाच. खोल्या पुष्कळ असतील तर नावापुढे प्रत्येकीचा क्रमांक. आणि एकदा दिलं की दिलं."

एल्दियारने पेन खाली ठेवले. त्याने तिच्याकडे असे पाहिले की तिने उगीचच केस कानामागे सारले.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या जेंगेनं."

"तिला माझे आभार सांगा. आणि…" तो अडखळला. "मला तुम्ही म्हणू नका. कधीपासून सांगेन म्हणत होतो."

"बरं. मग तूही म्हणू नकोस."

एकूण दोनशे चौदा जागांना नावे द्यायची होती. ती द्यायची, तो यंत्राला शिकवायचा. दुपारी एकाच टपरीवरचे साम्से, एक भोपळ्याचा, एक मांसाचा, अर्धे-अर्धे. मीरिमने नवे नाव सुचवले की एल्दियार ते मोठ्याने म्हणून पाहायचा, जणू कोणाला हाक मारतोय. बरे वाटले नाही तर डोके हलवायचा. "हा येणार नाही या नावानं." ती म्हणायची, तू एकदा प्रेमानं हाक मारून बघ. तो म्हणायचा, बटणाला? ती म्हणायची, सवय तरी होईल… आणि मग दोघेही घाईघाईने आपापल्या पडद्यात पाहायचे.

एकदा यंत्र खोल्यांची यादी यायच्या आधीच बटण दाबू लागले. मीरिम म्हणाली, फार उतावळं आहे.

"उतावळं नाही," एल्दियार म्हणाला. "वाट पाहता येते त्याला. पण कशाची वाट पाहायची, ते कोणीतरी सांगायला हवं."

तिने यादी पुरी आली की एक खूण उमटेल अशी सोय केली, 'खोल्या-आल्या'. पाहुण्यांना न दिसणारी. त्यानंतर यंत्र शांतपणे थांबू लागले.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात बायके खुशीत येऊन म्हणाले, "चाळीसपैकी अडतीस! पोरी, अशीच चाललीस तर याला आठवडाभर आधीच घरी पाठवू."

मीरिमही हसली. पण खुर्चीत बसल्यावर तिने आपण दिलेली नावे मोजली. तिने दिलेले प्रत्येक नाव त्याला नारिनच्या एक पाऊल जवळ नेत होते. हे तिला आजच कळले होते.

उरली होती फक्त रद्द करण्याची स्क्रीन. बारा जागा, फार तर दोन तासांचे काम. मीरिमने ती उघडली… आणि मिटली. मांडणी अजून नक्की नाही, असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितले. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशीच्या यादीत लिहिले होते, "दोनशे दोन नावं उत्तम. आभार. बारा जागा बिननावाच्या. कारण समजलं नाही. तरीही आभार."

तो 'तरीही' तिला दिवसभर टोचत राहिला.

त्याच दुपारी संघाच्या प्रमुख झियादा-एजे, म्हणजे झियादाताई, तोसोर गावाहून आल्या. पासष्टीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी. काम कुठवर आले ते पाहायला आल्या होत्या. बारा तारीख उजाडली, तीन सकाळी तर हव्यातच, असे त्या काळजीने म्हणाल्या. मग चहा पिता पिता त्यांनी मागच्या उन्हाळ्याचे सांगितले. कोणीतरी फोनवर खोली रद्द केली, ते वहीत उतरले नाही, आणि दोन पाहुणी कुटुंबे एकाच दारात उभी राहिली. लहान लेकरे होती. त्यांनी एका कुटुंबाला आपले अंथरूण दिले आणि स्वतः स्वयंपाकघरात फरशीवर निजल्या.

"त्याचं काही नाही," झियादा-एजे म्हणाल्या. "पण ती पाहुणी बाई आठ दिवस माझ्याशी तोंड चोरून बोलत होती, जणू तिचंच चुकलं. तेवढं पुन्हा नको, पोरी."

मीरिमने कप खाली ठेवला. त्या चहा संपवेपर्यंतसुद्धा ती थांबली नाही. बारा जागांना बारा नावे देऊन ती उठली तेव्हा डोळे भरले होते, पण छातीवरचा दगड उतरला होता.

दुसऱ्या सकाळी चाळीसपैकी चाळीस. तिसऱ्या सकाळी चाळीस. आणि चौथ्याही. अटीतल्या तिन्ही सकाळी पुऱ्या झाल्या.

घरी मीरिम मुकाट्याने भाजी चिरत होती. जेंगेने विचारले की आता सगळे जमले ना, मग तोंड का असे?

"जमलं. त्यानं सगळं नीट शिकवलं यंत्राला. उद्या चारच्या टॅक्सीनं जातोय तो."

"कोण?"

"तोच… खिडकीजवळचा. नारिनवाला."

जेंगेने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "पहिल्या आठवड्यात रोज नाव यायचं त्याचं. एल्दियारनं हे केलं, एल्दियार असं म्हणाला. गेले तीन आठवडे बघतेय. तो, त्यानं, खिडकीजवळचा. नाव काही निघत नाही तोंडातून." तिचा आवाज मऊ झाला. "मला तर सासरची रीत होती, लाडके. तुला कोणी सांगितलं?"

मीरिमने ओढणीत तोंड लपवले. मग जेंगेच्या खांद्यावर.

*

शेवटच्या दिवशी झियादा-एजेंनी बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळून आणले होते. संघाची सही झाली, चहा झाला. मग त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरले आणि आशीर्वाद दिला, ज्यांचे काम पाहुण्यांना कधी दिसणार नाही त्यांचे घर भरलेले राहो. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. एल्दियारची शेवटची यादी मीरिमच्या टेबलावर आली. तिच्यात एकही चूक नव्हती, म्हणून ती सगळीच्या सगळी आभाराची होती.

बाहेर पुन्हा बारीक पाऊस लागला होता. वाटेसाठी साम्से घेतो, असे तो म्हणाला. मीही येते, ती म्हणाली. दोन लाल छत्र्या शेजारी शेजारी चालल्या. मध्ये हातभर अंतर, त्यातून पावसाची धार.

"एक सांगायचं आहे," मीरिम म्हणाली. "ती बारा नावं… मांडणी ठरली नव्हती असं नाही. मी मुद्दाम थांबले होते. तू जाशील म्हणून. झियादा-एजे आल्या आणि मला माझीच लाज वाटली."

तो थांबला. "आणि मी इकडे जिवाच्या आकांतानं घाई करत होतो."

"जायची?"

"परीक्षा संपवायची. रोज सकाळी तुझ्या कामाला पास-नापास मीच करायचो. त्या खुर्चीत बसून तुला काही बोलणं बरं दिसलं नसतं. तू नाही म्हणाली असतीस तर माझ्या यादीवर तुझा विश्वास राहिला नसता, आणि हो म्हणाली असतीस तर बायकेंचा राहिला नसता." त्याने छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "आज ती खुर्ची सुटली. आता मी तुझा कोणी परीक्षक नाही. मला वाट पाहता येते, मीरिम. फक्त… कशाची, ते सांगशील का?"

तिला उत्तर येत होते. ते घेऊनच ती पुढे चालू लागली.

टपरी आली होती. बाईने तंदुरातून डोके वर काढले, दोघांकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "पुन्हा दोन लाल छत्र्या. या वेळी नाव सांगा बाई, मागच्यासारखा घोळ नको. तुमचं?"

"मीरिम. दोन मांस-कांद्याचे."

"आणि भोपळ्याचे दोन या साहेबांचे. यांचं नाव?"

मीरिमने तोंड उघडले. साधे नाव, पहिल्या आठवड्यात दिवसातून वीसदा घेतलेले. ते जिभेच्या टोकापर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एल्दियार पाहत होता. त्याच्या आईने तीस वर्षांत त्याच्या वडिलांचे नाव एकदाही घेतले नव्हते. त्याला आणखी काही सांगायला नको होते.

"का हो, नाव नाही का यांना?" बाई वैतागली.

"आहे," मीरिम हळूच म्हणाली. "पण… घरातलं आहे."

एल्दियारने आपली छत्री मिटली, पाणी झटकले आणि तो तिच्या छत्रीखाली आला.

"आज जातो," तो म्हणाला, "पण जूनमध्ये आईला घेऊन येतो. तिला रिकाम्या हातानं यायला आवडत नाही. कानातलं काहीतरी आणेल ती."

आमच्याकडे मुलाच्या आईने मुलीच्या कानात डूल घातले की बोलणे पक्के. मीरिमने नकळत कानाला हात लावला, आणि मान हलवली.

"तुझ्या जेंगेला माझे आभार सांग," तो म्हणाला.

"तूच सांग. ती तुलाही एखादं नाव ठेवेल."

बाईने आत पिशवी भरली, खिडकीतून बाहेर पाहिले, आणि या वेळी तिला काहीच विचारावे लागले नाही.

"लाल छत्री," तिने हाक दिली. "चार साम्से."